नळीतली हवा

लेण्याद्रीच्या पायथ्याशी, गोळेगावात आमची थोडी जमीन आहे आणि एक विहीर. चैत्र-वैशाखात विहिरीतलं पाणी खाली गेलं की मोटार हवा धरायची. आधी पाइपातून खळखळ आवाज, मग नळातून पाणी कमी आणि फुसफुस जास्त, मग नुसताच पंपाचा कोरडा घुमणारा आवाज. वडील ओरडायचे, "बंद कर, बंद कर!" मी पळत जाऊन खटका पाडायचो. मग फूटव्हॉल्व्ह तपासायचा (आमच्याकडे त्याला सगळे 'फुटबॉल'च म्हणतात), पंपाचं वरचं झाकण उघडून बादलीनं पाणी ओतायचं, आतली सगळी हवा निघून पाणी तोंडाशी आलं की झाकण घट्ट करायचं आणि पुन्हा खटका. पंपाला पाणी ओढायचं तर तो आधी पाण्यानं गच्च भरलेला लागतो, हे मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाआधी विहिरीनं शिकवलं.

पुढे मी मुंबईला गेलो आणि पर्फ्युजनिस्ट झालो. हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाचं हृदय आणि फुप्फुसं यांचं काम काही काळ एक यंत्र करतं. ते यंत्र चालवणारा तो पर्फ्युजनिस्ट. तीसहून अधिक वर्षं मी ते काम केलं. शस्त्रक्रियेच्या कथा-कादंबऱ्यांत सर्जन असतो, भूलतज्ज्ञही कधीमधी असतो, यंत्रापाशी स्टुलावर बसलेला माणूस सहसा नसतो. त्यात तक्रारीसारखं काही नाही. पण त्या स्टुलावरून दिसणारं एक संकट असं आहे, की त्याविषयी मराठीत फारसं लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. ते म्हणजे नळीतली हवा.

यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९३० च्या सुमारास बॉस्टनमध्ये जॉन गिबन नावाचा तरुण डॉक्टर एका बाईच्या उशाशी रात्रभर बसून होता. तिच्या फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. सकाळी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, गुठळी काढली, पण बाई वाचली नाही. तिच्या शिरांतलं काळपट रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते पुन्हा धमनीत सोडता आलं असतं तर, हा विचार गिबनच्या डोक्यात त्या रात्री शिरला आणि पुढे वीस-बावीस वर्षं त्यानं त्याला सोडलं नाही. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात त्यानं एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र यंत्राच्या मदतीनं बंद केलं. २६ मिनिटं तिचं रक्ताभिसरण संपूर्णपणे यंत्रावर होतं. त्यानंतरच्या रुग्णांत मात्र त्याला अपयश आलं आणि त्यानं ते काम थांबवलं. रक्तवाहिनीत अडकलेल्या एका गुठळीपायी ज्या यंत्राचा जन्म झाला, त्याच यंत्रानं रक्तवाहिनीत दुसरं काहीतरी अडकण्याची वाट मोकळी केली.

हृदय बंद असताना त्यात हवा शिरायला जागा नसते. मुंबईत पन्नास-साठच्या दशकांत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मायट्रल झडपेच्या शस्त्रक्रिया यंत्राशिवाय व्हायच्या. सर्जन धडधडत्या हृदयाच्या कप्प्याला छोटी चीर देऊन आत बोट घालायचा आणि चिकटलेली झडप बोटानं किंवा डायलेटरनं मोकळी करायचा. चिरेभोवती टाका आवळलेला असल्यानं रक्त बाहेर येत नसे आणि हवाही आत जात नसे. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापानं झडप खराब झालेले रुग्ण आपल्याकडे इतके होते, की ती शस्त्रक्रिया हाताखालच्या डॉक्टरांनाही सरावाची झाली होती. पण कॅल्शियम साचून दगड झालेली झडप बोटानं उघडत नाही. ती कापून काढून नवी बसवावी लागते. त्यासाठी हृदय थांबवून उघडावं लागतं. १६ फेब्रुवारी १९६८ ला के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण केलं, केप टाउनच्या ख्रिश्चन बर्नार्ड यांच्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत. रुग्ण काही तासच जगला. पण हृदय उघडणं, थांबवणं, पुन्हा चालू करणं ही विद्या आपल्या शहरात रुजली होती. आणि हृदय उघडलं की रक्ताची जागा हवा घेते.

पहिल्या काळातलं यंत्र तर हवेवरच चालायचं म्हटलं तरी चालेल. १९५५ मध्ये मिनिआपोलिसला लिलहाय आणि डीवॉल यांनी जो ऑक्सिजनेटर वापरात आणला, त्यात रक्तातून सरळ प्राणवायूचे बुडबुडे सोडत. रक्ताला फेस येई. मग फेस मोडणाऱ्या सिलिकॉनच्या लेपावरून ते रक्त वाहू देऊन बुडबुडे फोडत आणि निवलेलं रक्त रुग्णाला परत देत. युक्ती स्वस्त आणि सोपी होती. जगभरची हृदयशस्त्रक्रिया त्या फेसावर उभी राहिली. मी काम शिकलो तेही बुडबुड्यांच्या ऑक्सिजनेटरवर. आता रक्त आणि वायू यांच्यामध्ये पातळ पडदा असतो, दोघांची थेट गाठ पडत नाही.

हवेचं एवढं भय कशासाठी? दंडाच्या शिरेतल्या सलाइनमध्ये एखादा बुडबुडा दिसला की नातेवाईक घाबरतात, पण तो बुडबुडा हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात जातो. फुप्फुस ही शरीराची गाळणी आहे, थोडी हवा ती सहज जिरवते. डाव्या बाजूला गाळणी नाही. तिथून निघालेलं रक्त सरळ मेंदूला आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना जातं. रुग्ण उताणा झोपलेला असतो आणि हवा वर चढते. महाधमनीच्या वरच्या अंगाला उजव्या कोरोनरीचं तोंड असतं, त्यामुळे हवा आधी तिथे घुसते. अर्धा-एक मिलिलिटर हवा पुरते. हृदयाचा उजवा भाग फुगतो, मंदावतो, पडद्यावरचा आलेख उचलला जातो; उघड्या छातीत कोरोनरीच्या पारदर्शक भिंतीआड बुडबुड्यांची माळ सरकताना डोळ्यांनी दिसते. हे प्रकरण बहुधा निभावतं. यंत्र चालू ठेवायचं, रक्तदाब वाढवायचा आणि वाट पाहायची. वाढलेल्या दाबानं बुडबुडे केशवाहिन्यांतून पुढे ढकलले जातात आणि पाच-दहा मिनिटांत हृदय सावरतं.

मेंदूचं तसं नाही. हवेत चार भागांपैकी तीन भागांहून अधिक नायट्रोजन. प्राणवायू पेशी वापरून टाकतात, नायट्रोजनला तिथे कुणी गिऱ्हाईक नाही. तो रक्तात फारसा विरघळतही नाही. बुडबुडा बारीक धमनीत पाचरीसारखा बसतो आणि पुढच्या भागाचं रक्त तोडतो. शिवाय तो नुसताच बसत नाही. धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराला तो खरवडतो, रक्तातल्या बिंबिका आणि पांढऱ्या पेशी त्याच्या पृष्ठभागाला परकी वस्तू समजून चिकटतात, सूज येते. म्हणून बुडबुडा निघून गेल्यावरही त्या जागेचं नुकसान काही तास वाढत राहतं. भुलीखालचा माणूस हे काहीच सांगू शकत नाही. तो वेळेवर जागा होत नाही, किंवा त्याला आकडी येते, किंवा एक हात हलत नाही, तेव्हा कळतं.

हवा शिरण्याच्या वाटा अनेक आहेत, पण सगळ्यांत भयंकर ती विहिरीचीच. रुग्णाच्या शिरांतून आलेलं रक्त यंत्राच्या टाकीत जमतं, टाकीतून पंप ते पुढे ढकलतो. मोठ्या माणसाला मिनिटाला साडेचार लिटर, म्हणजे सेकंदाला ७५ मिलिलिटर. टाकीत अर्धा लिटर रक्त असेल आणि वरून येणारी धार थांबली, तर टाकी कोरडी व्हायला सात सेकंदसुद्धा लागत नाहीत. त्यानंतर पंप हवा धरतो. फरक एवढाच, की शेतातली मोटार हवा धरली की पाणी टाकणं सोडते. हा पंप नळी लाटण्यासारखी दाबत रक्त पुढे सारतो, त्यामुळे तो हवाही तितक्याच निष्ठेनं पुढे सारतो.

दुसरी वाट चुकीच्या दिशेची. हृदयातलं साचलेलं रक्त ओढून घेणारी एक नळी असते. पंपात ती उलटी बसवली गेली तर ती ओढायच्या ऐवजी हृदयात हवा फुंकते. जगभर अशा चुका झालेल्या आहेत. म्हणून ती नळी हृदयात घालण्याआधी तिचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवून पाहतात, पाणी ओढलं जातंय की बुडबुडे येताहेत. ही दोन सेकंदांची चाचणी मी एकदाही चुकवली नाही. जे चुकलं ते दुसरीकडे.

१९८४ साल. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. रुग्ण ओतूरकडची, चोवीस वर्षांची, लग्न होऊन चार वर्षं झालेली. आमच्या भागातले एक जुने डॉक्टर दम लागणाऱ्या रुग्णाला विचारायचे, "लेण्याद्रीच्या किती पायऱ्या चढतोस?" पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत; ही मुलगी पन्नासाव्या पायरीला बसत होती. गिरिजात्मजाला नवस बोलून तिचे वडील तिला मुंबईला घेऊन आले. मी गोळेगावचा आहे हे वॉर्डात कुणाकडून तरी त्यांना कळलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मग आता काळजी नाही. मशिनीवर आपल्याच गावचा माणूस हाये."

झडप काढून झाली होती, नवी बसवणं चालू होतं. आमच्या यंत्राला रक्ताची पातळी घसरल्याचा इशारा देणारा अलार्म नव्हता. तेव्हा तो सगळीकडे नसे. मी वहीत अर्ध्या तासाचे आकडे लिहीत होतो, तापमान, दाब, लघवी. सर्जननी टाके घालण्यासाठी हृदय किंचित उचललं आणि शिरेतली नळी मुडपली. टाकीत येणारी धार थांबली. मी मान वर केली तेव्हा टाकीचा तळ दिसत होता आणि पुढच्या नळीत लाल आणि पांढरे पट्टे होते. माझ्या वरिष्ठांनी माझ्याआधी हात घातला. पंप बंद, चिमटे बसले. "हवा गेली," एवढंच ते बोलले.

पुढे काय करायचं हे तेव्हा नुकतंच कुठे नीट लिहिलं गेलं होतं. न्यू ऑर्लिन्सचे मिल्स आणि ऑक्सनर यांनी १९८० मध्ये या संकटावर एक लेख प्रसिद्ध केला. आमच्या सर्जननी तो वाचला होता, आणि त्या मुलीचं नशीब असं, की नुसता वाचला नव्हता, पाठ केला होता. ठिबक सिंचन करणाऱ्यांना ती युक्ती चटकन कळेल. वाळूचा फिल्टर तुंबला की आपण पाणी उलट्या दिशेनं सोडतो, बॅकवॉश करतो. ज्या वाटेनं घाण आत गेली त्याच वाटेनं ती बाहेर येते. इथेही तसंच. टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली, म्हणजे हवा मेंदूपासून दूर, वर चढेल. महाधमनीतली नळी काढली आणि तिचं भोक उघडं ठेवलं. मग यंत्राची रक्त देणारी नळी, हवा काढून, डोक्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेत जोडली आणि थंड रक्त उलटं सोडलं, मिनिटाला एक-दीड लिटर, हलक्या दाबानं, कारण जोर केला तर मेंदूला सूज येते. रक्त शिरेतून मेंदूत, मेंदूतून धमनीत, धमनीतून महाधमनीच्या भोकाशी. तिथे फेस यायला लागला. भूलतज्ज्ञ मानेच्या धमन्या दाबून सोडत होते, पुन्हा दाबत होते. फेस पातळ झाला, मग नुसते बुडबुडे, मग लाल स्वच्छ रक्त. दीड-दोन मिनिटं. त्या वेळात मी मुख्य नळी रक्तानं गच्च भरून घेत होतो, हातोडीच्या दांड्यानं ठोकून ठोकून बारीक बुडबुडे वर आणत होतो. तिचं शरीर आधीच २८ अंशांना थंड केलेलं होतं. साध्या तापमानाला मेंदू रक्ताशिवाय चारेक मिनिटं तग धरतो, थंडाव्यात थोडी अधिक. नळी परत बसवली, रक्त आणखी थंड केलं, दाब नेहमीपेक्षा वर ठेवला आणि सर्जननी झडपेचे उरलेले टाके घातले.

या सगळ्यानंतरचा उपचार आहे तो दाबाचा. रॉबर्ट बॉइलनं सतराव्या शतकात हवा काढून घेतलेल्या काचपात्रात ठेवलेल्या विषारी सापाच्या डोळ्यात बुडबुडा हलताना पाहिला होता. दाब कमी झाला की शरीरात वायू मोकळा होतो. याच्या उलट, दाब वाढवला की बुडबुडा आकसतो. दाब साधारण २.८ पट केला तर बुडबुड्याचं आकारमान एकतृतीयांशाच्या आसपास येतं. व्यास मात्र तीस टक्क्यांच्या आसपासच कमी होतो, कारण गोलाचा हिशेब घनमुळाचा. एवढ्यानंही अडकलेला बुडबुडा पुढे सरकू शकतो. पण खरा फायदा प्राणवायूचा. त्या दाबाखाली रुग्णाला शुद्ध प्राणवायू दिला की रक्तातला नायट्रोजन धुतला जातो, मग बुडबुड्यातला नायट्रोजन रक्तात ओढला जातो आणि बुडबुडा आतून रिकामा होत जातो. प्राणवायूही रक्तद्रवात इतका विरघळतो, की लाल पेशींच्या मदतीशिवायही तो तहानलेल्या पेशींपर्यंत पोचतो. ॲमस्टरडॅमच्या बोरेमा यांनी १९६० मध्ये डुकरांचं जवळजवळ सगळं रक्त काढून घेऊन त्यांना दाबाच्या खोलीत जिवंत ठेवून हे दाखवलं होतं. पाणबुड्यांसाठीच्या नेहमीच्या वेळापत्रकानुसार हा उपचार पावणेपाच तास चालतो. तो पहिल्या काही तासांत सुरू झाला तर उत्तम; उशिरानंही काहींना गुण येतो.

अशी खोली लागते कुठे? मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, तिथे पाणबुड्यांच्या आजारांसाठी उच्च दाबाचे कक्ष आहेत. पण छाती नुकतीच शिवलेली, श्वसनयंत्रावरची, छातीत निचऱ्याच्या नळ्या असलेली रुग्ण रस्त्यानं नेऊन लोखंडी कक्षात बंद करायची, ही साधी गोष्ट नाही. श्वासनलिकेतल्या नळीचा फुगासुद्धा हवेऐवजी पाण्यानं भरावा लागतो, नाहीतर दाबाखाली तो चिमतो आणि नळी सैल होते. आमच्या रुग्णाला नेलं नाही. रक्तदाब अस्थिर होता. नेलं असतं तर वाटेतच गेली असती, असं सर्जनचं मत पडलं. मला आजही ते बरोबर वाटतं. आकडी येऊ नये म्हणून औषध, शंभर टक्के प्राणवायू, ताप चढू न देणं, एवढंच हाती होतं. त्या काळी स्टिरॉइड आणि झोपेची जड औषधंही द्यायचे; आता त्यांवर कुणाचा फारसा भरवसा राहिलेला नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. वडिलांना ओळखलं. डावा हात उचलला नाही. सर्जननी वडिलांना सांगितलं, "मेंदूला थोडा धक्का बसलाय, हात हळूहळू येईल." वडील माझ्या पायाशी वाकायला लागले. मी त्यांना धरलं आणि काही बोललो नाही.

आज हे संकट फार क्वचित येतं, आणि त्याचं श्रेय बरंचसं छोट्या छोट्या वस्तूंना आहे. टाकीच्या बाहेर चिकटवलेला संवेदक पातळी घसरली की पंप आपोआप थांबवतो. नळीभोवतीचा दुसरा संवेदक बुडबुडा दिसताच शिट्टी मारतो. रक्त रुग्णाकडे जाण्याआधी ४० मायक्रॉनच्या जाळीतून जातं. ओढणाऱ्या नळीत एकेरी झडप असते; अखेर फुटबॉल तो इथेही आलाच. उघड्या छातीत कार्बन डायऑक्साइड सोडून ठेवतात. तो हवेच्या दीडपट जड, त्यामुळे हौदातल्या पाण्यासारखा छातीच्या पोकळीत बसून राहतो आणि हवेला हुसकावतो. बुडबुडा झालाच तर तो या वायूचा होतो, आणि हा वायू रक्तात नायट्रोजनच्या वीसपटींहून अधिक सहज विरघळतो. स्वस्त उपाय आहे. त्यानं बुडबुडे कमी दिसतात हे नक्की, मेंदूला किती वाचवतो यावर मात्र अजून वाद आहेत. आमच्यासाठी त्याचा एक ताप म्हणजे तो रक्तातही येतो आणि आम्हाला ऑक्सिजनेटरमधला वायूचा झोत वाढवावा लागतो.

आणि शेवटी हृदय शिवून चालू करण्याआधीचा तो विधी, ज्यात घाई केलेली मला कधीच सहन झाली नाही. हृदय रक्तानं भरू द्यायचं, भूलतज्ज्ञानं फुप्फुसं फुगवून त्यांच्या शिरांत लपलेली हवा पुढे ढकलायची, सर्जननं हृदय हातानं हलवून कोपरे झाडायचे, महाधमनीच्या सर्वांत उंच जागी सुई ठेवून हवा ओढून घ्यायची. अन्ननलिकेतून घातलेल्या सोनोग्राफीच्या पडद्यावर हवा पांढऱ्या ठिणग्यांसारखी भुरभुरताना दिसते. ती भुरभुर थांबेपर्यंत कुणी 'झालं' म्हणायचं नाही. मी हाताखालच्या मुलांना एक नियम घालून दिला होता. टाकीवर नजर असताना लिहायचं नाही. लिहायला दुसरा माणूस. त्यांना तो माझा विक्षिप्तपणा वाटायचा. नियमामागचं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं.

१९९३ च्या माघात मी गावी होतो. गणेशजयंतीची गर्दी ओसरल्यावर लेण्याद्रीला गेलो. सातव्या लेण्यात, जिथे एवढ्या मोठ्या दालनाला एकही खांब नाही, तिथे एक बाई ओटीचं ताट उजव्या हातावर तोलून उभी होती; डाव्या हाताची बोटं ताटाच्या काठाला नुसती टेकलेली. तिनंच मला ओळखलं. "दादा, तुम्ही मशिनीवरचे ना?" आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. सगळ्या पायऱ्या न थांबता चढल्याचं तिनं सांगितलं. शांत जागी तिच्या छातीतली धातूची झडप टिकटिकताना ऐकू येत होती. मग तिनं विचारलं, "हात काय आता यायचा नाही ना?"

मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी नळीत हवा गेली होती. माझं ध्यान वहीत होतं."

ती थोडा वेळ खाली कुकडीच्या पात्राकडं पाहत राहिली. "मोटार धरती तशी?"

"तशीच."

"आबांना ठावं होतं?"

"नाही."

तिनं ताटातला अर्धा नारळ माझ्या हातावर ठेवला, पदर सावरला आणि उजव्या हातानं कठडा धरत उतरायला लागली.